सरस

दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळात रोज दुपारी एकेका धर्मावर कुणीतरी बोलतं. एका वर्षी उत्तम संयमाचा दिवस माझ्या वाट्याला आला. संयम म्हटलं की जीभ, खाणंपिणं, साड्यांची खरेदी यांवर बोलायचं हे ठरलेलं. ऐकणाऱ्याही तेवढ्याच तयारीने येतात. मला निराळं काही सांगावंसं वाटलं, म्हणून मी फोटोंवर बोलले.

१९८१ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला बाहुबली भगवंतांचा महामस्तकाभिषेक झाला. मूर्तीच्या प्रतिष्ठेला तेव्हा हजार वर्षं पूर्ण होत होती. इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली ती याच सोहळ्यात. निपाणीहून आम्ही घरची सगळी गेलो होतो. आण्णांच्या गळ्यात आगफा क्लिक-थ्री कॅमेरा होता, बडोद्याला तयार झालेला, काळा, डब्यासारखा. त्यात एक रोल बसायचा आणि एका रोलवर बारा फोटो निघायचे. बारा म्हणजे बाराच. मागच्या बाजूला एक लाल रंगाची बारीक खिडकी होती, तिच्यातून आकडा दिसायचा. आण्णा प्रत्येक फोटोनंतर चावी फिरवून तो आकडा बघायचे आणि "आठ राहिले", "सात राहिले" असं मोठ्याने सांगायचे. सहा दिवसांच्या प्रवासात त्यांनी बारा वेळा बटण दाबलं.

पुढे २०१८ च्या अभिषेकाला मी मुलाबरोबर गेले. एका दिवसात दोघांच्या मोबाइलमध्ये मिळून चौदाशेच्या वर फोटो जमले. मी मंडळात सांगितलं, त्या बारांमधले अकरा मला डोळे मिटून सांगता येतात (बारावा काळाच आला होता), आणि या चौदाशेंतला एकही नाही. रोलने आपल्याला संयम शिकवला होता, मोबाइलने तो घालवला, असं म्हणून मी बसले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघींनी नंतर जवळ येऊन आपापल्या घरच्या अल्बमबद्दल सांगितलं. बरं वाटलं.

शेवटी आमच्या मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्या शाळेत रसायन शिकवायच्या. हळू आवाजात म्हणाल्या, "छान बोललात हं ताई. पण त्या रोलवर काय लावलेलं असतं, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "चांदी असते ना?"

"चांदीचा क्षार. पण तो कशात कालवलेला असतो? फिल्मला चिकटून कसा राहतो?"

मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "जिलेटिनमध्ये."

आमच्या भागात जिलेटिन म्हटलं की खाणीत सुरुंगाला लावतात त्या कांड्या आठवतात. मी बावळटासारखं तेच विचारलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या लहानपणी सुतार सरस उकळायचा, तो बघितलाय ना? त्याचंच धुऊन-गाळून केलेलं रूप आहे हे."

सरस मी बघितला होता. आमच्या घराचं माडीचं काम चाललं होतं तेव्हा सुतार डब्यात तपकिरी खडे घालून विस्तवावर ठेवायचा. त्या वासाने आज्जीला मळमळायचं. "हाडाचामड्याचं ते, आमच्या अंगणात नको बाबा," म्हणून तिने त्याला चूल घेऊन पार परड्याच्या टोकाला बसवलं होतं. काम संपल्यावर ती जागा तिने शेणाने सारवून घेतली. त्याच घरात, त्याच वर्षांत, माडीवरच्या कपाटात आण्णांचा कॅमेरा होता आणि त्यात रोल होता.

घरी येऊन मी वाचत बसले. फोटोग्राफीच्या इतिहासात ही गोष्ट काही लपवलेली नाही. आपण तिकडे बघितलेलं नसतं, एवढंच. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टराने काचेवर जिलेटिनमध्ये चांदीचा क्षार पसरायची युक्ती सुचवली. त्याआधी कोलोडियनची ओली काच लागायची. फोटो काढणाऱ्याला ती जागेवरच तयार करून, सुकायच्या आत वापरून, लगेच धुवावी लागे. जिलेटिनची काच मात्र कोरडी. आधी करून ठेवा, प्रवासात न्या, महिन्याने धुवा. पुढचा सगळा फोटोचा व्यवहार, आण्णांच्या रोलपर्यंत आणि सिनेमाच्या रिळांपर्यंत, या कोरडेपणावर उभा राहिला. जनावरांची हाडं भरडायची, आम्लात टाकून त्यांतला चुना काढायचा, मग राहिलेला मऊ भाग आठवडेच्या आठवडे चुन्याच्या निवळीत ठेवायचा आणि शेवटी गरम पाण्यात त्याचा रस उतरवायचा. तो रस म्हणजे जिलेटिन. फिल्मसाठी ते फार स्वच्छ लागतं. ते पाण्यात फुगतं, त्यामुळे धुण्याची रसायनं आत शिरतात, आणि सुकलं की पुन्हा घट्ट होतं. हे दोन्ही इतकं नेमकं जमणारं दुसरं काही मिळालेलं नाही, म्हणून आजही फिल्म तीच आहे.

त्यात एक गोष्ट अशी वाचली की ती डोक्यातून जाईना. १९२० नंतरच्या काळात कोडॅक कंपनीत एक अडचण आली होती. जिलेटिनच्या काही खेपांची फिल्म चांगली निघे, काहींची मंद. सॅम्युएल शेपर्ड या त्यांच्या शास्त्रज्ञाने शोधून काढलं की फरक जनावरांच्या चाऱ्यात आहे. मोहरीच्या जातीची झाडं ज्यांनी खाल्ली, त्यांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचे सूक्ष्म अंश उतरतात आणि त्यामुळे फिल्म प्रकाशाला जास्त जागी होते. म्हणजे एखादी गाय कुठल्या बांधावर काय चरली, ते फोटोच्या उजेडात उतरतं. आपण म्हणतो ना, जुन्या फोटोत जीव असतो? मी ते पान मिटून ठेवलं.

आता हे सगळं मला एवढं का लागलं, ते सांगायला हवं. त्या बारा फोटोंमध्ये एक आईचा आहे. तिचा एकटीचा तेवढाच. लग्नाच्या फोटोत ती वीस माणसांच्या गर्दीत पदराखाली आहे, नाक तेवढं दिसतं. श्रवणबेळगोळच्या फोटोत ती विंध्यगिरीच्या पायऱ्यांवर उभी आहे. सहाशेच्या वर पायऱ्या चढून आल्यामुळे दमलेली, एक हात गुडघ्यावर, मान किंचित वळलेली, कारण कुणीतरी तिला हाक मारली होती. ती हाक मीच मारली होती. चार वर्षांनी ती गेली.

त्या दिवशी सकाळी धर्मशाळेत आत्तीचं आणि तिचं जोरात झालं होतं. आत्तीने स्वतःची अंजिरी रंगाची रेशमी साडी पुढे केली. "हजार वर्षांतनं एकदा येतोय असला दिवस. आज तरी नेस की वयनी, दादा फोटो काढणार हायत." आईने त्याच्या आदल्या चातुर्मासात महाराजांसमोर रेशमाचा आजन्म त्याग केला होता. ती म्हणाली, "उकळत्या पाण्यातनं काढलेलं ते. देवाच्या दारात नेसून कशी उभी राहू?" आणि सुती इरकल नेसून पायऱ्या चढली. फोटोत ती इरकल आहे. काठावरची रेघ न् रेघ मोजता येते.

म्हणजे माझ्या आईने रेशीम सोडल्याचा एकमेव पुरावा हाडाच्या सरसावर उमटलेला आहे. तिला हे माहीत असतं तर ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली असती का? नसती राहिली. यात मला तिळमात्र शंका नाही. मग माझ्याकडे तिचा फोटोच नसता. आणि मला तो हवा आहे. इथे माझी गाडी अडली.

अडलेली मी एकटीच नाही, असं मनाला समजावत राजा दीनदयाळ यांच्याबद्दल वाचलं. हिंदुस्थानातल्या सगळ्यांत नामांकित फोटोग्राफरांपैकी ते एक. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधन्याला जैन जवाहिऱ्यांच्या घरात जन्मले, रुरकीला शिकले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि तिथेच हौसेने कॅमेरा हातात घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. पुढे ते हैदराबादला निजामाचे फोटोग्राफर झाले आणि १८९२ मध्ये तिथे बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. त्यात कॅमेऱ्यामागेही बाईच, एक इंग्रज महिला. पडद्यातल्या बायका तिथे मोकळेपणी तोंड दाखवून बसू शकत. त्या काळी फोटोच्या कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर असे. युरोपातले तो कागद करणारे कारखाने रोज हजारो अंडी फोडत. दीनदयाळांचे कितीतरी फोटो त्याच कागदावर आहेत. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून जास्त निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत.

अंडं ज्या घरात उंबऱ्याच्या आत येत नसेल, तिथल्या माणसाचं अख्खं आयुष्य अंड्याच्या थरावर गेलं. आणि त्याच थरावर त्या बायकांचे चेहरे राहिले, ज्यांना नवऱ्याखेरीज परपुरुषाने बघितलं नव्हतं. हे दोन्ही एका तागडीत घालता येत नाही. मी घालून बघितलं; काटा हलतच राहतो.

तेवढ्यात माझी भाची सुट्टीला आली. बडोद्याला कलाशाखेत शिकते. पोरगी आमच्या सगळ्यांपेक्षा कडक आहे: दूध सोडलंय, चामड्याची चप्पल नाही, लोकर नाही. आणि मागच्या खेपेला आण्णांचा तोच क्लिक-थ्री माडीवरून शोधून घेऊन गेली होती. जिथे जन्मला त्याच गावी तो कॅमेरा परत गेला, याचं आम्हाला सगळ्यांना फार कौतुक वाटलं होतं. त्याचे रोल अजून मिळतात म्हणे, बाहेरदेशचे, एकेक हजार रुपयांच्या पुढेमागे. आत एक रोल घालून तिने सात फोटो काढले होते. मला म्हणाली, "आत्ती, मोबाइलच्या फोटोला जीव नसतो गं. हा बघ, दाबताना हात थरथरतो."

मी तिला सांगावं की नको, या विचारात दोन दिवस काढले. पोरीचा आनंद मोडायचा जिवावर आलं. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती गप्पच झाली. मग म्हणाली, "आता मला हे सांगितलंस. तू स्वतः मागे मंडळात काय बोललीस?"

त्या बोलण्याचा मला फेरविचार करणं भाग पडलं. आण्णांचा तो संयम होता का? माझ्या भावाच्या लग्नात आण्णांच्या हाती नवा कॅमेरा आला होता, छत्तीस फोटोंचा रंगीत रोल घालायचा. तोपर्यंत हाताशी पैसाही होता. त्यांनी चार रोल उडवले. जेवणाच्या पंगतीचेच वीस फोटो आहेत, निम्म्यांत नुसत्या पाठी. घरात धान्य नव्हतं म्हणून जेवलो नाही, तर त्याला आपण उपास म्हणत नाही. बारा फोटो काढणं हा रोलच्या किमतीचा धाक होता. मी त्याला धर्माचं नाव दिलं आणि टाळ्या घेतल्या.

तरी काहीतरी होतंच त्यात. तो धाक असला, तरी त्यापायी आण्णा आधी नुसतं बघायचे. आईला पायरीवर उभी केली, सूर्य कुठे आहे ते पाहिलं, दोन पावलं मागे गेले, मग आम्ही सगळी श्वास धरून गप्प. त्या आठ-दहा सेकंदांत घरातलं प्रत्येक माणूस आईकडे बघत होतं. एरवी तिच्याकडे असं कधी कुणी बघत नसे. ती वाढायची, आम्ही जेवायचो. मला वाटतं, जुना फोटो हातात घेतल्यावर आपल्याला जे भरून येतं ते या बघण्याचं असतं. मग रोल धुऊन यायला पंधरा दिवस. निपाणीच्या स्टुडिओतून पाकीट आलं की आधी हात धुवायचे, मग एकेक कडेने धरून बघायचा.

भाचीचं म्हणणं निराळं होतं. ती म्हणाली, "मला वाटतं, आज्जीवरनं आलेला उजेड स्वतः त्या निगेटिव्हवर पडला. ती निगेटिव्ह तिच्यापासून चार हातांवर होती, त्या दिवशी, त्या डोंगरावर. मोबाइलमधला फोटो तिथे नव्हताच, नुसते आकडे होते."

हे मला पटलं, आणि खोलवर पटलं म्हणूनच भीती वाटली. कारण आपलं तत्त्वज्ञान काय सांगतं? आईचा जीव तिचा तिच्या गतीने गेला. देह पुद्गल होता, तोही गेला. निगेटिव्हवर आहे तो चांदीचा काळा दाणा, तोही पुद्गलच. त्यात आई नाही. देवळातली मूर्तीसुद्धा भगवंत नव्हे. 'हे ते' असं आपण मनाने ठरवतो, त्याला शास्त्रात स्थापना निक्षेप म्हणतात. दगडात, पितळेत, चंदनात कशातही स्थापना होते. मग मोबाइलच्या काचेवर का होऊ नये? आकड्यांतून उमटलेला चेहराही तेवढाच 'ती' आहे आणि तेवढाच 'ती नाही'. शास्त्राने बघितलं तर फिल्म वरचढ ठरत नाही. वरचढ वाटते ती मोहापायी. उमास्वामींनी परिग्रहाचं लक्षण वस्तूंच्या संख्येत सांगितलेलं नाही, मूर्च्छेत सांगितलंय. ही माझी, ही सुटता कामा नये, या गुंगीत. चौदाशे फोटो मोबाइलमध्ये आहेत आणि ते उद्या पुसले गेले तर मी चुकचुकेन, संध्याकाळी विसरेन. एक चौकोनी निगेटिव्ह हरवली तर मी आजारी पडेन. मोठा परिग्रह कुठला मग? मी मंडळात नेमकं उलटं सांगून आले होते.

यावर कुणी म्हणेल, सुटलीस की मग. मोबाइल घे, हाड नाही, मोहही कमी. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने फिल्मशिवाय फोटो काढणारा पहिला कॅमेरा केला. दहा हजार ठिपक्यांचं एक चित्र टेपवर उतरायला तेवीस सेकंद लागायचे. त्या चित्राला गाईची गरज नव्हती. ज्या कंपनीला जनावराचा चारासुद्धा तपासावा लागला होता, तिच्याच घरात हे झालं. पण मोबाइलही आकाशातून पडत नाही. त्यातले धातू खाणींतून येतात, जमीन फोडून. आपले फोटो 'क्लाउड'वर असतात म्हणजे ढगात नसतात. कुठेतरी मोठमोठ्या इमारतींत यंत्रं रात्रंदिवस वीज खात आणि गार केली जात चालू असतात. पृथ्वी, पाणी, अग्नी यांतही आपण जीव मानतो. पाणी गाळून पिणाऱ्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. एकेंद्रिय आणि पंचेंद्रिय यांत फरक आहे, मोठा आहे, आणि तो मी मानते. गाईचं हाड आणि तांब्याची खाण मला सारखी नाही. पण हात स्वच्छ आहेत असंही नाही. शिवाय मोबाइलचा फोटो अल्बमसाठी लॅबमधून छापून घेतलात, तर त्या चकचकीत कागदावरही बहुतेक तोच जिलेटिनचा थर असतो. लग्नाचे जाडजूड अल्बम आठवा.

मला जास्त छळलं ते आणखी एका गोष्टीने. हिंसेचा विचार करताना आपल्याकडे जीव गेला की नाही एवढंच बघत नाहीत; प्रमाद होता का, बेसावधपणा होता का, हेही बघतात. आण्णांना जिलेटिन माहीत नव्हतं, पण बटण दाबताना ते पूर्ण जागे होते. मी २०१८ मध्ये चौदाशे फोटो काढताना कुठे होते? बाहुबलींच्या मस्तकावरून दुधाचा ओघ खाली येत होता आणि मी मोबाइल वर धरून पुढच्या बाईच्या डोक्यावरून जागा शोधत होते. तो ओघ मी डोळ्यांनी पाहिलाच नाही. नंतर त्या फोटोंकडेही पाहिलं नाही. न बघण्यासाठी काढलेले, कुठेतरी वीज जाळत पडलेले.

म्हणून एक केलं. दुपारची आवराआवर झाली की मोबाइल घेऊन बसायचं आणि ते चौदाशे फोटो एकेक करून बघायचे, ठेवायचा की पुसायचा ते ठरवून. अकरा दुपारी लागल्या. डोळे दुखले, पहिल्या दोन दिवसांत कंटाळाही आला. एकसारखे तीस-तीस फोटो, तेच डोकं, तोच खांब. पण पाचव्या-सहाव्या दुपारी एक फोटो आला: माझा मुलगा एका म्हाताऱ्या आज्जींना, ओळखीच्या नव्हेत, पायरीवर हाताला धरून चढवतोय. मी तो कधी काढला आठवत नाही. बहुधा चुकून बटण दाबलं गेलं असेल. त्या आज्जींचा एक हात गुडघ्यावर. मी बराच वेळ बघत बसले. आईच्या फोटोकडे बघताना होतं तेच झालं, आणि यात ना चांदी होती ना सरस. शेवटी सव्वीस फोटो ठेवले. मंडळात पुन्हा बोलायची वेळ आली तर हे अकरा दुपारींचं सांगेन म्हणते. टाळ्या कमी पडतील.

आईच्या फोटोचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही. भाचीने जायच्या आदल्या दिवशी विचारलं, "ती निगेटिव्ह दे, आमच्या डार्करूममध्ये मोठा फोटो करून आणते. आहे तो किती लहान आहे, तळहाताएवढाही नाही." पूर्वी मी हरखून गेले असते. म्हटलं, "नको. नवा कागद, नवा थर. आपल्यासाठी म्हणून आणखी कशाला करायला लावायचं? स्कॅन करून ठेव, पुरे."

"आणि निगेटिव्ह? ती तर हाडाचीच आहे."

"ते होऊन गेलंय. टाकून दिली म्हणून गाय परत येणार आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. आम्ही एका साखरपुड्याला निघालो होतो. मी निऱ्या घालत होते. म्हणाली, "दुकानातली रेशमी साडीसुद्धा होऊनच गेलेली असते की, आत्ती."

माझ्या अंगावर कांजीवरम होती. आईने सोडलेलं रेशीम मी सोडलेलं नाही. कधी सोडेन असं वाटलंही नव्हतं. लग्नाकार्यात शोभतं, सगळ्याच नेसतात, एवढंच माझं उत्तर आहे, आणि ते त्या दिवशी मला तोंडातून काढता आलं नाही. करणं, करवणं आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती देणं, तिन्हींचा दोष आपल्याकडे सांगितलाय. जुनी निगेटिव्ह जपणं ही संमती की आठवण, यावर मी आठवडाभर डोकं शिणवत होते, आणि अंगावर साडेपाच मीटर संमती गुंडाळून बसले होते. पोरीने ते उद्धटपणे म्हटलं नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं.

ती साडी मी त्या दिवशी बदलली नाही. उशीर होत होता. तशीच गेले, आणि साखरपुड्यात कुणीतरी माझा फोटो काढला तेव्हा मागच्या रांगेत सरकले.

स्कॅन भाचीने करून पाठवलं. मोबाइलवर आईचा चेहरा दोन बोटांनी मोठा करता येतो. कपाळावर घामाचा एक थेंब आहे, तो एवढ्या वर्षांत मला दिसला नव्हता. निगेटिव्ह बटर पेपरमध्ये गुंडाळून कपाटात आहे. रोज एकदा वाटतं, की ती तिथे असू नये, आणि रोज एकदा जाऊन आहे ना ते बघते.

भाचीच्या कॅमेऱ्यात अजून पाच फोटो शिल्लक आहेत. नवा रोल ती घेणार नाही म्हणते. पण हा घेतलेला? अर्धवट टाकला तर जे गेलं ते उगीच गेलं, आणि वापरला तर त्याची चटक लागेल, असं तिचं आहे. दिवाळीला आली तेव्हा कॅमेरा बरोबर होता. परड्यात मी वाळवणाच्या चटया गुंडाळत होते. तिने कॅमेरा डोळ्याशी धरला, खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "आत्ती, काढू?"

मी लगेच काही बोलले नाही. उन्हं कलली होती. तिने सूर्याकडे बघितलं, दोन पावलं मागे गेली आणि वाट बघत उभी राहिली. मी चटई खाली ठेवली आणि पदर सारखा केला.